बाकाची फळी आणि कलेचा प्रश्न

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



'आजची कला आणि तिची समीक्षा' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. जेवणाआधी असा विषय ठेवणं हे धाडसच आहे, म्हणून सुरुवात खाण्याच्या वस्तूपासूनच करतो.

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मायामीच्या एका कला-मेळ्यात मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलावंतानं एक केळं चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवलं आणि त्याला 'कॉमेडियन' असं नाव दिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या कलाकृतीची एक प्रत ६२ लाख डॉलरला गेली. घेणाऱ्यानं ते केळं नंतर चारचौघांसमोर खाऊनही टाकलं. ही बातमी आपल्या बॅचच्या गटावर आली तेव्हा पहिला प्रश्न आला, 'काऊन बे, हे काय आहे?' आणि लगेच दुसरा, 'मग आपण संत्रं चिकटवलं तर किती येतील?'

दोन्ही प्रश्न थट्टेत विचारले होते, पण दोन्ही खरे आहेत. पहिला कलेच्या तत्त्वज्ञानाचा आहे, दुसरा बाजाराचा. या दोहोंच्या मधे एक तिसरा प्रश्न असतो: 'हे चांगलं आहे का, आणि कशावरून?' तो समीक्षेचा प्रश्न. आपण तो विचारायचं सोडून दिलं आहे, आणि त्याची किंमत आपल्याला मोजावी लागते, एवढंच मला आज सांगायचं आहे.

तत्त्वज्ञान म्हटलं की धास्ती वाटते. पण आपल्यापैकी निदान निम्म्या जणांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा दिल्या आहेत. त्या परीक्षांमध्ये, आपल्याला कुणी सांगितलं नसलं तरी, कलेच्या तीन मोठ्या विचारधारांचे पेपर आपण सोडवले.

पहिला पेपर वस्तुचित्राचा. समोर तांब्या, ठोकळा, एखादं वांगं. जसं दिसतं तसं काढा, छाया-प्रकाश दाखवा. कला म्हणजे अनुकरण, हा प्लेटो-ॲरिस्टॉटलपासूनचा विचार. चित्र जितकं हुबेहूब तितकं चांगलं. आजही आपल्या घरी पाहुणे एखाद्या चित्राचं कौतुक करतात ते 'अगदी फोटोसारखं' असंच म्हणून करतात. १८३९ मध्ये खरोखरचा फोटो जगापुढे आला आणि हुबेहूबपणाची मक्तेदारी चित्रकाराच्या हातून निसटायला लागली.

दुसरा पेपर स्मरणचित्राचा. आठवडी बाजार, बसथांबा, पोळ्याचा सण. समोर काहीच नाही, जे आहे ते तुमच्या आत आहे. कला म्हणजे आतल्या भावनेचा आविष्कार, कलावंताला जे वाटलं ते पाहणाऱ्यापर्यंत पोचवणं. टॉलस्टॉयनं कलेचा विचार असाच केला.

तिसरा पेपर संकल्पचित्राचा. दिलेल्या वर्तुळात किंवा चौकोनात रेषा, आकार, रंग यांची रचना करा. इथे गोष्ट सांगायची नाही, कुणासारखं दिसायचं नाही. हा रंग त्या रंगाशेजारी कसा बसतो, एवढाच प्रश्न. मराठीत हा विचार सर्वांत निष्ठेनं मांडला तो बा. सी. मर्ढेकरांनी. आपण त्यांना कवी म्हणून ओळखतो, पण 'सौंदर्य आणि साहित्य' हा त्यांचा ग्रंथ सौंदर्यशास्त्राचा आहे. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी जी लय बांधली जाते तीच सौंदर्याचा गाभा, असं त्यांचं म्हणणं. संकल्पचित्राच्या कागदावर तांबड्यासमोर हिरवा लावताना आपण तेच करत होतो.

आता कल्पना करा, वस्तुचित्राच्या पेपरला एक मुलगा उठला, टेबलावरचा तांब्या उचलून त्यानं आपल्या कोऱ्या कागदावर ठेवला, खाली नाव लिहिलं आणि म्हणाला, 'सर, झाला माझा पेपर.' पर्यवेक्षकांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. १९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँनं जवळपास हेच केलं. दुकानातून आणलेलं चिनीमातीचं मुतारीचं भांडं 'आर. मट' अशा खोट्या नावानं सही करून, 'फाउंटन' हे नाव देऊन, त्यानं एका प्रदर्शनाकडे पाठवलं. शुल्क भरणाऱ्या कुणाचीही कृती घ्यायची, असा त्या प्रदर्शनाचा नियम होता. तरीही ती मांडली गेली नाही. मूळ भांडं पुढे हरवलं, उरलं ते छायाचित्र. पण तो चौथा पेपर विसाव्या शतकातल्या कलेला शेवटी सोडवावाच लागला.

१९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्येच अँडी वॉरहॉलनं भांडी घासायच्या 'ब्रिलो' साबणाच्या खोक्यांसारखी दिसणारी लाकडी खोकी गॅलरीत रचून ठेवली. ती पाहून आर्थर डँटो हा तत्त्वज्ञ चक्रावला. दुकानातलं खोकं आणि गॅलरीतलं खोकं यांत डोळ्यांना फरक दिसत नसेल, तर एक कला आणि दुसरं पुठ्ठा, असं कशावरून? त्याचं उत्तर असं की हा फरक डोळ्यांना दिसणारा नाहीच. त्या वस्तूमागे कलेचा इतिहास असतो, एक विचार असतो, तिच्याबद्दल बोलणारा समाज असतो. ती वस्तू कशाविषयी तरी असते, आणि तो अर्थ तिनं स्वतःच्या अंगावर धारण केलेला असतो.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपण नागपूरचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, असं सांगतात. बांबू, कागद, कापड यांच्या त्या भल्यामोठ्या आकृत्या, आणि त्यांच्यासोबत बडगे. त्या वर्षी लोकांच्या मनात जे खदखदतं, महागाई असो, भ्रष्टाचार असो, एखादी साथ असो, त्याचा बडग्या होतो. इतवारी-महालच्या गर्दीतून ईडा-पीडा घेऊन जाण्याच्या आरोळ्या देत मिरवणूक जाते आणि शेवटी सगळं जाळून टाकतात.

समजा, यंदा एक बडग्या न जाळता आपण तो अजब बंगल्यात काचेच्या कपाटात ठेवला. कागद तोच, रंग तोच, मिशी तीच. पण बडग्या उरला का? जे घडत होतं ते त्या आकृतीत नव्हतं. ते ओरडण्यात होतं, रस्त्यात होतं, शेवटच्या आगीत होतं. म्हणजे दिसायला सारख्याच दोन वस्तूंत मोठा फरक असू शकतो, हे डँटोच्या आधी इतवारीतल्या माणसाला ठाऊक होतं. आज जगभरची कलासंग्रहालयं ज्याला क्षणभंगुर कला किंवा लोकसहभागाची कला म्हणतात, त्याचा आपल्याला दरवर्षीचा सराव आहे. मारबतीवर 'कला' अशी पाटी लावा असं मी म्हणत नाही, तिला त्या पाटीची गरज नाही. एवढंच की वस्तू एकटी पाहून निकाल देता येत नाही, हे नागपूरकराला शिकवावं लागू नये.

याच नागपुरात २ नोव्हेंबर १९२४ रोजी वासुदेव गायतोंडे जन्मले. घराणं मूळचं गोव्याचं, पुढचं शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. डँटोला ब्रिलोची खोकी भेटली त्याच १९६४ मध्ये गायतोंडे रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. वॉरहॉल दुकानातली वस्तू कलेत आणत होता, आणि गायतोंडे चित्रातून प्रत्येक वस्तू बाहेर काढत होते. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना पसंत नव्हतं. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द त्यांना जवळचा होता. रोलर आणि रंगाची सुरी घेऊन ते रंगाचे थर देत, खरवडत, पुन्हा देत. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच चित्रं पुरी होत.

अशा चित्रापुढे 'हे काय आहे?' असं विचारलं तर ते गप्प बसतं. पण पाच मिनिटं उभं राहिलं की एकरंगी वाटणारा पृष्ठभाग हलायला लागतो. खालचा थर वर येतो. उजेड बाहेरून पडलेला नाही, रंगाच्या आतून येतोय, असं वाटायला लागतं. मला हे कळलं ते कुणीतरी 'जरा थांब, घाई करू नको' असं म्हणालं म्हणून. ते म्हणणं हीदेखील समीक्षाच होती.

बडग्या आणि गायतोंडे, या दोघांना एकाच फूटपट्टीनं मोजायचं कसं? मराठी वाचकासाठी याचं उत्तर रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' या १९७४ च्या ग्रंथात आहे. सौंदर्याचं विश्व द्विध्रुवात्मक आहे, असं ते म्हणतात. एका ध्रुवावर कला स्वायत्त असते, रोजच्या जगण्यापासून वेगळी, स्वतःच्या नियमांनी चालणारी. दुसऱ्या ध्रुवावर ती जगण्याशी, नीतीशी, ज्ञानाशी, भावनांशी बांधलेली असते. एकच व्याख्या करून सगळी कला तिच्यात कोंबू नका. गायतोंडे पहिल्या ध्रुवाजवळ, बडग्या दुसऱ्या. एकाला दुसऱ्याच्या पेपरात नापास करण्यात अर्थ नाही.

मग कुणी म्हणेल, 'ज्याची त्याची आवड. वाद कशाला?' इथे कांटचा एक भेद फार उपयोगी आहे. तो मी आपल्या भाषेत सांगतो. 'मला झणझणीत सावजी आवडतं' असं मी म्हटलं तर वाद संपला. तुम्हाला सोसत नसेल तर दहीभात खा. पण 'हे चित्र चांगलं आहे' असं म्हणताना मी माझ्या जिभेबद्दल बोलत नसतो. तुम्हीही ते पाहावं आणि तुम्हालाही ते पटावं, अशी अपेक्षा त्या वाक्यात असते. मी ते गणितासारखं सिद्ध करू शकत नाही. पण म्हणूनच कारणं देण्याची जबाबदारी माझ्यावर येते. इथे बघ, हा कोपरा बघ, हे आधी पाहिलेल्या त्या चित्राशेजारी ठेवून बघ. तुम्ही पाहता आणि म्हणता, 'नाही बाप्पा, मला उलट दिसतंय, कारण...' ते 'कारण' आलं की समीक्षा सुरू झाली.

ही कारणं देणं थांबलं की निकाल थांबत नाहीत, ते दुसरंच कुणीतरी देतं.

पहिला निकाल बाजार देतो. २०१३ मध्ये मुंबईच्या एका लिलावात गायतोंडे यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं आणि आपल्यापैकी पुष्कळांना त्यांचं नाव पहिल्यांदा तेव्हा कळलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यात चित्रं नीट मांडून, त्यांवर अभ्यासानं लिहून, पाहणाऱ्याला वाट दाखवली होती. आपल्या लक्षात राहिला तो आकडा. आकड्यानं एवढंच कळतं की त्या दिवशी दोन माणसांना ते चित्र फार हवं होतं. का हवं होतं, ते आकडा सांगत नाही. केळ्याचं तेच आणि गायतोंड्यांचंही तेच.

दुसरा निकाल सत्ता किंवा जमाव देतो. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनात अकबर पदमसी यांच्या प्रेमी युगुलांच्या चित्रांवर अश्लीलतेचा ठपका आला आणि त्यांच्यावर खटला झाला. ते निर्दोष सुटले. पण चित्रकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं, ते लागलंच. जिथे चित्राबद्दल बोलायची सवय नसते, तिथे भावना दुखावली की माणसाला तक्रार करणं किंवा दगड उचलणं एवढंच सुचतं. 'मला हे चित्र वाईट वाटतं, आणि का ते मी सांगतो' हे तिसरं वाक्य त्याच्या भाषेतच नसतं. ते आणून देणं समीक्षेचं काम आहे.

हे काम करणारा एक मोठा माणूस आपल्याच भागात शिकला. द. ग. गोडसे यांचं शिक्षण सावनेर आणि नागपूर इथे झालं, मग ते मुंबईला गेले. पुस्तकांची मुखपृष्ठं केली, नाटकांची नेपथ्यं केली आणि 'पोत', 'शक्ति सौष्ठव', 'गतिमानी', 'मातावळ' अशी पुस्तकं लिहिली. 'पोत' हा शब्द कापडाचा. लुगडं घेताना आपली आई काठ-पदर बघायची, पण आधी बोटांत धरून पोत बघायची. गोडशांनी हीच सवय कलेला लावली. एखाद्या काळाचं शिल्प, चित्र, काव्य ही जणू एकाच मागावर विणलेली असतात, बोटांत धरून बघा, धागा सापडेल, अशी त्यांची दृष्टी. निकाल देण्याची त्यांना घाई नसते. आधी हात लावून बघणं, मग बोलणं. मराठीत समीक्षेची याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यावर आज दुपारच्या सभेत निर्णय व्हायचा आहे. शाळेच्या प्रवेशद्वारालगतची लांब भिंत माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून सजवायची आहे. आपल्यासमोर दोन आराखडे आहेत. पहिल्यात शाळेची जुनी इमारत, संस्थापकांची चित्रं, कडेनं संत्र्यांची डहाळी. दुसऱ्यात एक तरुण चित्रकार म्हणते, की गोदामात पडलेल्या जुन्या बाकांच्या फळ्या मी भिंतीवर बसवते. करकटकानं कोरलेली नावं, बदामात घातलेली अक्षरं, शाईचे डाग, सगळं तसंच ठेवून.

गटावर यावर दोनशेवर संदेश आले. 'हे भंगार आहे.' 'यात तिनं काय केलं? सुतार पण हे करेल.' 'सेल्फीला पहिलंच बरं.' आणि दुसऱ्या बाजूनं, 'तुम्हाला आधुनिक कला कळत नाही.' मित्रांनो, यातलं एकही वाक्य समीक्षा नाही, शेवटचंही नाही. 'तुला कळत नाही' म्हणणारा कारण देत नाही, दार लावून घेतो. समकालीन कलेबद्दल लोक दुरावले, त्यात या दार लावणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. अवघड शब्दांच्या आड लपणारी समीक्षा हीसुद्धा कारण न देण्याचीच एक रीत आहे.

तेव्हा मी माझी कारणं देतो. तुम्ही खोडून काढा.

पहिला आराखडा कौशल्याचा आहे, नीटनेटका आहे. पण इमारत त्या भिंतीच्या मागे उभीच आहे. तिचं चित्र तिच्याच पुढे काढून आपण काय नवं दाखवणार? शिवाय नाव बदललं तर तेच चित्र शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही शाळेला चालेल. फळ्यांचं तसं नाही. त्या दुसऱ्या कुणाच्या असू शकत नाहीत. 'तिनं काय केलं?' याचं उत्तर: तिनं निवडलं, आणि जागा बदलली. ज्या कोरण्याबद्दल आपण छड्या खाल्ल्या, तेच दर्शनी भिंतीवर सन्मानानं लावलं तर शाळा स्वतःबद्दल काहीतरी बोलते: इथे शिस्त होती आणि मुलंही होती. फळ्या या अर्थाविषयी नुसतं बोलत नाहीत, तो त्यांच्या अंगावर खोदलेला आहे.

आता याच आराखड्याविरुद्धचं कारणही मीच देतो. मी त्या फळ्या गोदामात जाऊन पाहिल्या. नावं बहुतेक मुलांची आहेत. मुलींच्या रांगेतले बाक जवळजवळ स्वच्छ. त्या आपल्यापेक्षा शहाण्या होत्या म्हणून असेल, आणि मुलीचं नाव बाकावर दिसलं तर त्याचा परिणाम तिला घरापर्यंत भोगावा लागत असे म्हणूनही असेल. सातवी-आठवीनंतर ज्यांची शाळा सुटली, कामावर गेले, त्यांचंही नाव तिथे फारसं नसणार. कोरायलासुद्धा बाकावर काही वर्षं बसावं लागतं. नुसत्या कोरलेल्या फळ्या निवडल्या तर भिंत धीट मुलांचीच होईल. माझी सूचना अशी की स्वच्छ फळ्याही लावाव्यात, कोरलेल्यांइतक्याच, आणि त्यांची मांडणी चित्रकारानं लयीनं करावी. भरलेलं आणि मोकळं, विरोध आणि समतोल. म्हणजे मर्ढेकर आणि द्युशाँ एका भिंतीवर नांदतील, आणि ज्या मैत्रिणी आज इथे आल्या आहेत त्यांनाही त्या भिंतीत आपली जागा दिसेल.

हे तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. कुणी म्हणेल, पावसात लाकूड टिकणार नाही, नागपूरच्या मे महिन्यात फळ्या तडकतील. हे कारण आहे, आणि महत्त्वाचं आहे. कलावस्तू कशाची केली आहे, ती किती जगेल, हा समीक्षेचाच भाग आहे. कुणी म्हणेल, रिकामी फळी पाहणाऱ्याला काही सांगणार नाही, शेजारी ओळभर मजकूर लागेल. त्यावरही बोलू. माझी विनंती एवढीच की दुपारी हात वर करून मतदान घेण्याआधी प्रत्येकानं 'कारण' या शब्दानं सुरू होणारं एक वाक्य बोलावं. आणि ती वाक्यं कुणीतरी वहीत उतरवून घ्यावीत. भिंत कशीही झाली तरी ती वही शाळेच्या ग्रंथालयात राहू द्या. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की हे असं का केलं, तर उत्तर सापडेल.

शाळेत आपल्याला चित्रकलेत ए, बी, सी अशी श्रेणी मिळायची. का मिळाली ते प्रमाणपत्रावर कधी लिहिलेलं नसायचं. मुलांना आज त्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. चांगलं आहे, मिळोत. पण घरी मुलगी चित्र दाखवायला आली, तर 'वा, छान' एवढ्यावर तिला परत पाठवू नका. चित्रातलं नेमकं काय छान वाटलं ते तिला बोट ठेवून दाखवा. ती नाक मुरडून म्हणेल, 'बाबा, तो तर चुकून पडलेला डाग आहे.' मग त्या डागावर बोला. तिच्याशी झालेली ती चर्चा कुठल्याही लिलावात मिळणार नाही.

जेवण तयार आहे असं संयोजक खुणावताहेत, आणि त्याला विरोध करण्याचं एकही कारण माझ्याकडे नाही.